मिरजेच्या तंतुवाद्यांसाठी पर्यटन महामंडळाकडे नेमके काय मागावे?

कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार. आमच्या संगीतप्रेमी मंडळाने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाला निवेदन द्यायचे ठरवले असून त्याचा मसुदा माझ्याकडे आला आहे. वेरूळ, घारापुरी आणि बाणगंगा येथे महामंडळाने जसे महोत्सव भरवले, तसा तीन दिवसांचा तंतुवाद्य महोत्सव मिरजेत भरवावा, ही त्यातील मुख्य मागणी आहे. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोहोंना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु मिरज जंक्शनवर गाडी बदलून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रवाशाला, आपण सतारीच्या गावात उभे आहोत, याचा पत्ताही नसतो.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "मांडव उतरल्यावर चौथ्या दिवशी वाद्ये घडवणाऱ्यांच्या गल्लीत काय उरेल?" त्यावर कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. म्हणून येथे दोन गोष्टी विचारतो. मागणी महोत्सवाचीच असावी काय? आणि निवेदन महामंडळाच्याच नावे द्यावे की आणखी कोणाच्या?

निवृत्त लेखनिक (सांगली)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण अर्ज चुकीच्या दारात पडला की मागणी कितीही रास्त असली तरी ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. (तीस वर्षे तेच फिरणे पाहिले आहे.) महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले आणि ती शासनाच्या मालकीची कंपनी आहे. पर्यटक निवासे चालवणे, जाहिरात करणे, महोत्सव भरवणे ही कामे ते करते. धोरणांची अंमलबजावणी, पर्यटन व्यवसायांची नोंदणी आणि सवलती हा भाग पर्यटन संचालनालयाकडे आहे. माहितीफलक, स्वच्छतागृह, वाहनतळ अशा कामांचा निधी बहुधा जिल्हा नियोजन समितीतून येतो आणि पालकमंत्री त्या समितीचे अध्यक्ष असतात. 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा हवा असेल तर तोही विषय तिथेच मांडावा लागतो.

तेव्हा एकच लांबलचक निवेदन देण्यापेक्षा तीन लहान निवेदने द्यावीत आणि प्रत्येकात एकच मागणी ठेवावी. पत्राच्या शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असे मात्र लिहू नये, कारण त्याचे उत्तरही तितकेच मोघम येते.

जवारी (मिरज)

माझ्या माहेरी सतार आणि तानपुरे घडवले जातात, त्यामुळे कारखान्याच्या आतून दिसते ते लिहिते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, हत्यारांचे काम मागे पडल्यावर, वाद्यांना हात घातला, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. पण वाद्याला किती वेळ लागतो, याची कल्पना फार थोड्यांना असते. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. तो भिजवून, कापून, आतून काठ्यांचा ताण देऊन वाळवावा लागतो, आणि त्यानंतर तबली, दांडी, कोरीवकाम, पॉलिश अशी कामे एकामागून एक होतात. पावसाळी हवेत लाकूडही घाई करू देत नाही.

सर्वांत शेवटी जवारी काढतात, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिची पाठ घासून नाद जुळवतात. वडील घोडीच्या पाठीवरून कानस इतकी हलकी फिरवतात की भुगा बोटाला जाणवतो, पण डोळ्यांना दिसत नाही. मग तार चढवायची, छेडायची, नाद कुठे बसका येतो ते ऐकायचे, तार उतरवायची आणि पुन्हा घासायचे. तानपुरा असेल तर तारेखाली सुताचा धागा सरकवून त्याची नेमकी जागा शोधायची. एक केसभर जास्त घासले गेले की सगळे पहिल्यापासून करावे लागते. त्या वेळी घरात मिक्सरसुद्धा लावत नाहीत.

आता कल्पना करा, महोत्सवाची एक बस दारात उभी आहे आणि चाळीस माणसे मोबाइल वर धरून आत आली आहेत. दुसऱ्या एका शहरातील सरकारी महोत्सवात आमच्या घरच्यांना प्रात्यक्षिकासाठी बोलावले होते. तिथे त्यांना ध्वनिक्षेपकाच्या भिंतीला लागूनच जागा मिळाली, आणि तीन दिवसांत स्वतःच्या तानपुऱ्याचा षड्ज त्यांना एकदाही ऐकू आला नाही.

आम्हाला पाहुणे नको आहेत, असा याचा अर्थ नाही. आधी वेळ ठरवून पाच-सहा जणांनी यावे, तासभर बसावे, ठरलेले शुल्क द्यावे, एवढी व्यवस्था महामंडळाच्या संकेतस्थळावरून झाली तरी पुष्कळ आहे. मानांकनाबद्दलही एक सांगते. गावाच्या वाद्याला मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक कारागीर आपोआप त्याचा अधिकृत वापरकर्ता होत नाही, त्यासाठी त्याची वेगळी नोंदणी करावी लागते. गल्लीतील प्रत्येकाची ती नोंदणी करून देण्याचे काम मंडळाने हाती घेतले, तर ते मांडव घालण्यापेक्षा स्वस्त पडेल.

नाट्यपंढरी (सांगली)

जवारीताईंचे म्हणणे मान्य आहे, तरी मोठ्या कार्यक्रमाला इतक्या लवकर नकार देऊ नये, असे मला वाटते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले आणि आजही ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, सांगलीत त्यांच्या नावाचा गौरव दिला जातो. त्या दिवसाची बातमी राज्यभर जाते ती सोहळ्यामुळेच. गाजावाजा झाल्याशिवाय मुंबई-पुण्याचा पर्यटक या बाजूला वळत नाही.

मात्र नवा महोत्सव कशाला? मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली गाणे होते. नवरात्रात मिरजेतल्याच अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो. या दोन्ही ठिकाणी बाहेरून कोणालाही तयार श्रोता आणावा लागत नाही. महामंडळाने या तारखा आपल्या वार्षिक दिनदर्शिकेत छापाव्यात, त्या दिवसांत मुक्कामाची सोय दाखवावी आणि व्यासपीठाला हात लावू नये. प्रायोजकांचे फलक चिंचेला टांगले जाताना मला तरी पाहवणार नाही.

निवृत्त लेखनिक (सांगली)

मुक्कामाचा विषय निघालाच आहे, तर जवारीताईंसाठी एक पुरवणी. २०२३ च्या 'आई' या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणात, महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो. व्याजदर १२ टक्क्यांच्या मर्यादेत धरला जातो, आणि सात वर्षे किंवा साडेचार लाख रुपये यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथपर्यंत ही रक्कम मिळते. हप्ते वेळेवर भरलेले असावे लागतात. माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी तयार करायच्या असतील, तर संचालनालयाकडे विचारणा करण्याजोगी ही योजना आहे.

कृष्णाकाठ (मिरज)

सर्वांचे आभार. मसुद्यातून नव्या महोत्सवाची मागणी काढली आहे. महामंडळाकडे आता दोनच गोष्टी मागत आहोत: उरूस आणि नवरात्र संगीताच्या तारखा दिनदर्शिकेत घ्याव्यात, आणि लहान गटांच्या कारखानाभेटीची आगाऊ नोंदणी संकेतस्थळावर सुरू करावी. स्टेशनवरून गल्लीपर्यंतच्या दिशादर्शक फलकांचे पत्र जिल्हा नियोजन समितीकडे स्वतंत्र जाईल.

जवारीताई, भेटीसाठी कोणती वेळ चालेल, हे आपल्या वडिलांना विचारून कळवावे. जवारी सकाळी काढतात की दुपारी, तेही कळवावे, म्हणजे ती वेळ वगळूनच पत्र लिहितो.

जवारी (मिरज)

सकाळी. अकरापर्यंत कोणालाही पाठवू नका.