नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून डोळे दुखतात, मॉनिटर तोच

प्रश्न: मॉनिटर, केबल, ब्राइटनेस काहीच बदललेलं नाही, फक्त कार्ड बदललं. अर्ध्या तासात डोळे जड होतात. कुठून तपासायला सुरुवात करावी?

उत्तर १: आधी विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये बिट डेप्थ (प्रत्येक रंगाच्या किती छटा पाठवल्या जातात ते) बघा. तिथे ‘८-बिट विथ डिदरिंग’ दिसलं, तर कार्ड एकाच पिक्सेलवर जवळच्या दोन छटा आळीपाळीने दाखवून मधली छटा भासवत असण्याची शक्यता आहे; यालाच डिदरिंग म्हणतात. एचडीआर (जास्त उजेड-अंधार आणि रंग दाखवणारा मोड) बंद करा, ड्रायव्हरमध्ये ८ बीपीसी (प्रत्येक रंगाला ८ बिट) निवडा, मग पुन्हा तपासा. लिनक्सवर एनव्हिडियाच्या सेटिंग्जमध्ये डिदरिंग थेट बंद करता येतं. मात्र मॉनिटरचं पॅनेल ६-बिट, म्हणजे कमी छटांचं असेल, तर मॉनिटर स्वतःच असं डिदरिंग करतो. तिथे कार्डाच्या सेटिंगने काही होणार नाही.

उत्तर २: रंगाचा फॉरमॅटही बघाच, हे फार जण विसरतात! एचडीएमआयवर नवं कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून कधीकधी वायसीबीसीआर ४:२:२ (रंगाची माहिती अर्धी करणारा फॉरमॅट) पाठवतं. मग रंगीत अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि डोळे सतत फोकस शोधत राहतात. ड्रायव्हरमध्ये आरजीबी (रंगाची माहिती पूर्ण पाठवणारा फॉरमॅट), फुल रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा) ठेवा.

उत्तर ३: जुनं कार्ड परत लावून त्रास थांबतो का, हे बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. बॅकलाइटचं लुकलुकणं वेगळं तपासा: ब्राइटनेस २० टक्के, पडदा पांढरा, मोबाइल कॅमेऱ्याचा शटर १/२००० सेकंद. काळे पट्टे दिसले आणि ब्राइटनेस १०० टक्के केल्यावर नाहीसे झाले, तर दोष पीडब्ल्यूएमचा (बॅकलाइट भराभर चालू-बंद करून उजेड कमी करण्याच्या पद्धतीचा), म्हणजे मॉनिटरचा. डिदरिंग मात्र या चाचणीत दिसत नाही.