‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मधील शेवटच्या द्वंद्वाचे पार्श्वसंगीत: विश्लेषण कुठून सुरू करावे?

स्वरलिपी (प्रश्न)

नमस्कार. सर्जियो लिओने यांच्या १९६५ सालच्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ या चित्रपटातील शेवटच्या द्वंद्वाला एन्नियो मोरिकोने यांनी दिलेल्या संगीतावर मी आमच्या अभ्यासगटासाठी एक टिपण लिहीत आहे. हिंदुस्तानी संगीताची माझी थोडीफार तालीम झालेली आहे आणि पाश्चात्त्य स्वरलेखन मला सावकाश का होईना, वाचता येते. त्या आधारावर मी वाद्यांची नोंद केली: साखळीच्या घड्याळातून वाजणारी धून, गिटार, तंतुवाद्ये, गायकवृंद आणि ट्रम्पेट. कोणते वाद्य कोणत्या क्षणी येते, हेही लिहून काढले. मात्र एवढे सगळे कागदावर उतरवूनही तो प्रसंग इतका का जखडून ठेवतो, याचे उत्तर त्या नोंदीतून मिळत नाही.

माझी अडचण नेमकी अशी आहे. हाणामारीच्या प्रसंगात सहसा हालचाल वाढली की संगीताची लय वाढते, आवाज चढतो आणि प्रेक्षक त्याबरोबर ओढला जातो. इथे दोन माणसे जवळजवळ निश्चल उभी आहेत, तिसरा बसून पाहतो आहे, संवाद नाहीत, आणि संगीत शेवटाकडे जाताना चक्क मंदावते. तरीही ताण वाढतच जातो. तो नेमका कशाने वाढतो? शिवाय घड्याळाची धून ही संगीतरचनेचा भाग समजावी की दृश्यातली एक वस्तू समजावी, हे मला ठरवता आलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मंद्रसप्तक

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. घड्याळाची धून ही दोन्ही आहे, आणि ती कोणत्या क्षणी वस्तू असते व कोणत्या क्षणी रचना होते, हे तपासणे म्हणजेच या प्रसंगाचे विश्लेषण. त्यामुळे वाद्यांच्या यादीपासून सुरुवात करू नका. या द्वंद्वात वेळ कोणाच्या हातात आहे, इथून सुरुवात करा.

प्रसंगाची बांधणी आठवून पाहा. दरोडेखोरांचा म्होरक्या इंडिओ याने, त्याच्या मागावर असलेल्या कर्नल मॉर्टिमरचे पिस्तूल गोळीने उडवले आहे आणि ते जमिनीवर पडलेले आहे. इंडिओ घड्याळ उघडतो आणि नियम सांगतो: धून संपली की पिस्तूल उचलायचे. म्हणजे ही धून द्वंद्वाच्या मागे वाजत नाही. द्वंद्वाचा नियमच ती आहे. दोन्ही पात्रांना ती आपल्याइतकीच ऐकू येते आणि तिच्या शेवटच्या स्वरावर त्यांचे मरण अवलंबून आहे. चित्रपटांतल्या बहुतेक पार्श्वसंगीताला हा अधिकार नसतो, कारण ते पात्रांच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही.

आता लय मंदावण्याविषयी. ही धून स्प्रिंगवर चालते, म्हणून स्प्रिंग सैल होत जाईल तशी ती सावकाश होते. लय स्थिर राहिली असती, तर इंडिओलाही आणि आपल्यालाही शेवटचा स्वर मोजून गाठता आला असता. आपल्याकडे तिहाई (तीनदा फिरून येणारा तुकडा) सुरू झाली की सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येणार, हे श्रोत्याच्या अंगात आधीच भरलेले असते आणि त्या खात्रीतूनच आनंद मिळतो. इथे ती खात्रीच काढून घेतलेली आहे. दोन स्वरांमधले अंतर वाढत जाते, प्रत्येक स्वर शेवटचा वाटतो, आणि त्यानंतर आणखी एक येतो. शेवट अटळ आहे. त्याची घटका मात्र कोणालाच ठाऊक नाही. ताण वाढतो तो याने. ज्या संगीतकाराला आवाज चढवून हाच परिणाम साधायचा असता, त्याला याच्या निम्म्यानेही यश आले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण याहून महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडते. पहिली धून विझत आली असताना अचानक तीच धून पुन्हा, ताज्या दमाने सुरू होते. कॅमेरा वळतो तेव्हा मॉर्टिमरचा साथीदार, बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणारा मॉन्को दुसरे, तसेच घड्याळ उघडे धरून उभा असल्याचे दिसते आणि त्याच्या दुसऱ्या हातातली बंदूक इंडिओवर रोखलेली असते. तो मॉर्टिमरला पिस्तूल देतो आणि द्वंद्व नव्याने मांडले जाते. आता केवळ स्वर लिहून काढले, तर पहिली धून आणि दुसरी धून यांत काहीच फरक सापडणार नाही. पहिल्या खेपेला ती धून म्हणजे निव्वळ खून होता, कारण नियम सांगणाऱ्याच्या कमरेला पिस्तूल होते आणि समोरचा निःशस्त्र होता. दुसऱ्या खेपेला तेच स्वर न्यायाची मुदत मोजू लागतात. स्वर तसेच राहिले, घड्याळ धरणारा हात तेवढा बदलला. तुमच्या टिपणाचा कणा हाच असावा, असे मी सुचवेन.

वाद्यमेळ खऱ्या अर्थाने फुलतो तो या दुसऱ्या खेपेला. तो घड्याळाच्या धुनेतून वर येतो, तिला झाकून टाकतो, आणि ओसरला की खाली पुन्हा तीच बारीक किणकिण उरते. म्हणजे एवढा मोठा वाद्यवृंद त्या छोट्या धुनेच्या पोटात मावलेला आहे. तो वाजत असताना घड्याळाचा काळ थांबल्यासारखा वाटतो. तो थांबला की काळ पुन्हा चालू होतो आणि आता फार थोडा उरलेला असतो.

चित्रकथी

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु त्यात एक उणीव जाणवते. संगीताचा हा परिणाम दृश्याच्या मांडणीशिवाय उभाच राहिला नसता, आणि टिपणात तिला जागा द्यायला हवी.

हे द्वंद्व स्पेनमधील अल्मेरिया प्रांतातल्या लोस अल्बारिकोकेस या खेड्यात चित्रित झाले आहे. ज्या गोलाकार फरसबंद जागेवर तिघे उभे आहेत, ते तिथले धान्य मळण्याचे खळे आहे. वर्तुळ, त्याच्या परिघावर माणसे आणि मध्यभागी रिकामी जमीन. या मांडणीमुळे कोणालाही पुढे जायला वाट नाही आणि मागे हटायलाही सोय नाही. धूनही अशीच फिरून फिरून त्याच जागी येणारी आहे. संगीत आणि जागा यांचा आकार एक आहे, हे मला त्यातले सर्वांत सुंदर वाटते.

दुसरा मुद्दा ध्वनीचा. त्या काळच्या इटालियन चित्रपटांत संवाद आणि ध्वनी बहुधा नंतर भरले जात. चित्रीकरणाच्या वेळचा कोणताही आवाज आपोआप पडद्यावर येत नसे. याचा अर्थ, वाऱ्याचा आवाज, पावलांचा आवाज किंवा पूर्ण शांतता, यांतले काय ऐकवायचे हा प्रत्येक वेळी जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय होता. म्हणून दोन धुनांमधली शांतता आणि शेवटच्या स्वरानंतरची शांतता यांचीही नोंद वाद्यांइतक्याच काळजीने करा. कोऱ्या जागा म्हणून त्या सोडून देऊ नका.

प्रत्यक्ष कामासाठी एक सूचना. कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात फक्त चित्र लिहा, आवाज पूर्ण बंद ठेवून: चेहरा, हात, डोळे, दूरचे दृश्य. दुसऱ्यात फक्त ध्वनी लिहा, पडद्याकडे पाठ करून. तिसरा रकाना दोन्ही एकत्र पाहताना भरा आणि त्यात केवळ एवढेच लिहा की चित्र बदलले ते संगीताच्या नव्या वाक्यावर बदलले, की वाक्याच्या मधोमध. कोणता चेहरा कोणत्या स्वरवाक्याला दिला आहे, हे तिथे उघडे पडते.

स्वरलिपी

दोघांचेही मनापासून आभार. घड्याळापासून सुरुवात करण्याचा मुद्दा पटला. तरीही ट्रम्पेटबद्दलची शंका उरतेच. घड्याळाची धून इतकी पुरेशी असेल, तर मोरिकोने यांना ट्रम्पेटची गरज का भासली? आणि याच चित्रपटात चर्चमधील प्रसंगात, जिथे इंडिओ याच घड्याळावर एका माणसाला मारतो, तिथे ट्रम्पेटचे काम ऑर्गन करताना दिसतो. या दोन निवडींमागे काही संगती आहे का?

रानजाई

ट्रम्पेटला मोठा इतिहास आहे आणि तो माहीत असल्याशिवाय हे कोडे सुटणार नाही.

१९५९ सालच्या ‘रिओ ब्राव्हो’मध्ये दिमित्री टिओमकिन यांनी ‘देग्वेयो’ नावाची ट्रम्पेटची रचना वापरली होती. १८३६ मध्ये टेक्सासमधील अलामो या ठाण्याच्या वेढ्यात मेक्सिकन सैन्याने ‘कोणालाही जिवंत सोडणार नाही’ असा इशारा देणारी जी बिगुलधून वाजवल्याचे सांगतात, तिचे हे नाव. टिओमकिन यांनी मात्र चाल स्वतःची बांधली. लिओने यांना १९६४ च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’च्या शेवटच्या द्वंद्वासाठी हीच रचना हवी होती. मोरिकोने यांनी दुसऱ्याची रचना घेण्यास नकार दिला आणि नाटककार यूजीन ओनील यांच्या सागरी नाटकांच्या दूरचित्रवाणी प्रयोगासाठी आपण पूर्वी केलेली एक अंगाईची चाल ट्रम्पेटवर, त्या मेक्सिकन ढंगाच्या आलंकारिक वळणांसह वाजवून घेतली. मृत्यूच्या इशाऱ्याच्या जागी अंगाई बसली, ही गोष्ट मला आजही थक्क करते. मोरिकोने यांचे वडील ट्रम्पेटवादक होते आणि त्यांनी स्वतः रोमच्या सांता चेचिलिया संस्थेत आधी ट्रम्पेटचे आणि पुढे गोफ्रेदो पेत्रासी यांच्याकडे रचनेचे शिक्षण घेतले होते. त्या वाद्याचा दम कुठे पुरतो, स्वर कुठे धरून ठेवता येतो, हे त्यांना आतून माहीत होते.

म्हणून १९६५ च्या या द्वंद्वात ट्रम्पेट येतो तेव्हा तो पश्चिमपटांच्या (‘वेस्टर्न’ चित्रपटांच्या) प्रेक्षकाला ओळखीची खूण देतो: आता कोणीतरी मरणार आहे. घड्याळ ही या तिघांची खासगी गोष्ट आहे. मॉर्टिमरच्या बहिणीचा करुण शेवट त्या घड्याळात कोंडलेला आहे. ट्रम्पेट त्या खासगी दुःखाला सार्वजनिक विधीचे रूप देतो.

ऑर्गनचे उत्तर जागेत आहे. तो प्रसंग ओसाड चर्चमध्ये घडतो, आणि ऑर्गनवर जर्मन संगीतकार बाखच्या डी मायनरमधील सुप्रसिद्ध टोकाटाच्या (ऑर्गनच्या एका रचनेच्या) आरंभाची आठवण देणारा तुकडा कोसळतो. चर्चमध्ये चर्चचेच वाद्य, पण एका क्रूर माणसाच्या हातचे. तिथे घड्याळाच्या जोडीला दडपण आहे. शेवटच्या द्वंद्वात शोक आहे. माझ्या मते इथे वाद्यमेळ उघडपणे मॉर्टिमरची बाजू घेतो.

तुलनेसाठी १९६८ चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ अवश्य घ्या. त्याचे संगीत चित्रीकरणापूर्वीच तयार होते आणि लिओने ते चित्रीकरणाच्या जागी वाजवत असत. तिथे घड्याळाची जागा हार्मोनिकाने (माउथऑर्गनने) घेतली आहे, जो फ्रँको दे जेमिनी यांनी वाजवला. द्वंद्वाच्या क्षणी कळते की खलनायक फ्रँकने तो हार्मोनिका एका मुलाच्या तोंडात कोंबला होता आणि त्या मुलाच्या खांद्यांवर गळफास घातलेला त्याचा भाऊ उभा होता. तेव्हा मागचे सगळे करकरीत, घशात अडकल्यासारखे स्वर एकदम उलगडतात. मरताना तोच हार्मोनिका फ्रँकच्या तोंडात जातो आणि त्याचा श्वास त्यातून वाजतो. ‘शोले’तल्या जयच्या माउथऑर्गनशी हे ताडून पाहा. पश्चिमपटांचा प्रभाव तिथेही आहे, पण राहुलदेव बर्मन यांनी त्या वाद्याला संध्याकाळचे, न बोललेल्या ओढीचे काम दिले.

मंद्रसप्तक

रानजाई यांनी दिलेला संदर्भ मोलाचा आहे. वाद्यमेळ मॉर्टिमरची बाजू घेतो, या विधानाशी मात्र मी असहमत आहे. ट्रम्पेट वाजत असताना पडद्यावर इंडिओचाही चेहरा येतो, आणि त्या चेहऱ्यावर केवळ क्रौर्य नाही. हे घड्याळ तो उगाच जवळ बाळगत नाही; आधीच्या प्रसंगांत ही धून त्याच्या आठवणींतून घुमत, विस्कटत येते आणि तिने तो खचतो. जिच्यापासून त्याला सुटका नाही, तीच धून तो इतरांच्या मरणाची मुदत म्हणून वापरतो. त्यामुळे ट्रम्पेटचा शोक एकट्या मॉर्टिमरचा मानला, तर इंडिओचे पात्र निव्वळ खलनायक होऊन बसते आणि चित्रपटाने त्याला जे दिले आहे ते आपण काढून घेतो. चित्रकथी यांच्या तिसऱ्या रकान्याने हा वाद सोडवता येईल. ट्रम्पेटच्या प्रत्येक वाक्यावर कोणाचा चेहरा आहे, ते लिहून पाहा. मॉर्टिमरच्याच चेहऱ्याची नोंद वारंवार आली, तर रानजाई बरोबर आहेत.

स्वरलिपी, एक दक्षता घ्या. ‘ला रेसा देई कोंती’ (हिशेब चुकता करणे) या इटालियन नावाने ध्वनिमुद्रिकेवर असलेला तुकडा ऐकून विश्लेषण करू नका. ती स्वतंत्रपणे ऐकण्यासाठी सलग बांधलेली रचना आहे. त्यात ऑर्गनही आहे. चित्रपटातल्या शेवटच्या द्वंद्वात धून दोनदा चालते, मध्ये तुटते, दुसऱ्याच्या हातून पुन्हा सुरू होते, आणि ही तूट मुद्रिकेवर नाही. स्वरलेखन त्या मुद्रिकेवरून करायला हरकत नाही, कारण वाद्ये तिथे अधिक स्वच्छ ऐकू येतात. वेळेची नोंद मात्र चित्रपटावरूनच घ्या, आणि ती पहिल्या गोळीपाशी न थांबवता मॉन्को मॉर्टिमर आणि त्याची बहीण यांच्या नात्याबद्दल विचारतो त्या संवादापर्यंत न्या. इंडिओच्या मृत्यूनंतर ते घड्याळ मॉर्टिमरकडे परत येते, त्या वेळी ध्वनिपट्टीवर काय आहे आणि काय नाही, हेही तुमच्या दुसऱ्या रकान्यात यायला हवे.