मदत हवी आहे : नदीच्या पाण्यातले औषधांचे अंश, रिकव्हरी इतकी कमी का येतेय?

नमस्कार मंडळी,

नदीच्या पाण्यातलं डायक्लोफेनॅक आणि कार्बामॅझेपिन मोजतेय. ५०० मिली पाणी काचतंतूच्या ०.७ मायक्रॉन फिल्टरमधून गाळायचं, आम्ल घालून पीएच २.५ करायचा आणि २०० मिग्रॅच्या एचएलबी कार्ट्रिजमधून (पाण्यातली औषधं धरून ठेवणारी पॉलिमर भरलेली नळी) सावकाश सोडायचं. मग मिथेनॉलने उतरवून, नायट्रोजनखाली आटवून ०.५ मिलीत घ्यायचं, म्हणजे हजारपट संहत. पुढे एलसी-एमएस/एमएस (कॉलममध्ये घटक वेगळे करून वस्तुमानावरून मोजणारं यंत्र), ईएसआय पॉझिटिव्ह (म्हणजे फवाऱ्यातून धन आयन करून).

गाळल्यानंतर लिटरला १०० नॅनोग्रॅम स्पाइक केलं (म्हणजे मुद्दाम घातलं), तर अतिशुद्ध पाण्यात त्यातलं ९० टक्क्यांच्या वर परत मिळतं, हीच रिकव्हरी. नदीच्या पाण्यात (मुळातलं वजा करून) डायक्लोफेनॅक ४० वर, कार्बामॅझेपिन ६० वर. अर्क कोऱ्या चहासारखा दिसतो. मार्गदर्शकांच्या मते कार्ट्रिज ओव्हरलोड होतंय. पण खाली दुसरं कार्ट्रिज जोडलं, त्यात जवळपास काहीच नाही! मग गेलं कुठे?

प्रतिसाद १ :
बहुधा कुठेच गेलेलं नाही, डिटेक्टरला दिसत नाहीये. स्पाइक न केलेल्या नदीच्या पाण्याचा अर्क काढा आणि तेवढंच मानक (मोजून घेतलेलं शुद्ध औषध) त्या शेवटच्या अर्कात घाला. तेवढ्याच मानकाच्या शुद्ध द्रावणाशी तुलना करा. डायक्लोफेनॅकचा सिग्नल तिथेही ४५ टक्क्यांवर आला, तर निष्कर्षण जवळपास ९० टक्के होतंय आणि बाकीचं आयन सप्रेशन आहे (अर्कातले इतर पदार्थ औषधाचे आयन होऊ देत नाहीत, म्हणून सिग्नल घटतो). तोच अर्क दहापट पातळ करूनही बघा, सप्रेशन असेल तर ते कमी होईल.

तो चहासारखा रंग ह्युमिक पदार्थांचा (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारे). पीएच २.५ ला तेही कार्ट्रिजवर चिकटतात. कार्बामॅझेपिनला आम्लाचा काही उपयोग नाही, ते उदासीनच असतं. डायक्लोफेनॅकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनित असतात तो) ४ च्या आसपास, म्हणून पीएच ७ ला ते आयनित होईल. तरी एचएलबी बऱ्याचदा धरून ठेवतं. दोन्ही पीएच शेजारी-शेजारी लावून बघाच.

धागाकर्ती :
धन्यवाद! हे उद्याच लावते. लेबल्ड मानक (जड हायड्रोजन बसवलेलं तेच औषध, मोजणीतली घट भरून काढायला) एकच मंजूर झालंय, कार्बामॅझेपिन-डी१०. दोघांना चालेल का?

प्रतिसाद १ :
नाही. सप्रेशन त्या क्षणी कॉलममधून सोबत काय बाहेर पडतंय त्यावर ठरतं, आणि सी१८ कॉलमवर डायक्लोफेनॅक कार्बामॅझेपिनपेक्षा बरंच उशिरा येतं. त्याच्यासाठी डायक्लोफेनॅक-डी४ मागा, नाहीतर प्रत्येक नमुन्याला स्टँडर्ड अ‍ॅडिशन करा, म्हणजे त्याच नमुन्यात वाढत्या मात्रेत मानक घालून मोजा (कंटाळवाणं आहे, पण आकडा खरा मिळतो). आणि लेबल्ड मानक कार्ट्रिजच्या आधी, पाण्यातच घाला.