मांडवा ते गणपतीपुळे सायकलने, तंबू घेऊन: पहिल्या वेळची तयारी कशी करावी?

आडवाटेचा:
आम्ही आठ जण आहोत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) मांडवा, मग मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर करत गणपतीपुळे. हाताशी चार दिवस. एका दिवसात ८०-१०० किमी सगळ्यांनी केलेत, पण सामान लादून आणि लागोपाठ कुणीच नाही. सहा हायब्रिड (रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलच्या मधल्या), दोन एमटीबी (डोंगरी, जाड टायरच्या). रोजचं अंतर किती धरावं? सामान पाठीवर घ्यावं की कॅरियरवर? किनाऱ्यावर तंबू लावता येतो का?

खाडीपलीकडे:
आधी तारीख बदला. नाताळ ते नवीन वर्ष कोकणात गाड्यांची रीघ असते, जेट्टीवरही रांगा लागतात. जानेवारीचा दुसरा आठवडा बघा.

सागरी मार्ग, म्हणजे किनाऱ्याचा रस्ता, नकाशावर समुद्राला धरून दिसतो म्हणून सपाट समजू नका. खाडी आली की उतार, ओलांडली की चढ, दिवसभर हेच. केळशी-आडे-आंजर्ले पट्ट्यात चढ लांब नसतात, पण उभे असतात. सामानासकट ५५-६५ किमी पुष्कळ झाले. चार दिवसच असतील तर गुहागरला थांबा आणि ४५ किमीवरच्या चिपळूण स्टेशनवरून परता. गणपतीपुळ्यासाठी पाचवा दिवस काढा.

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार फेरीबोटी लागतात. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका, चारच्या आत जेट्टी गाठा. जेट्टीच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे सायकल हातात धरूनच चाला.

स्पोकवाला:
पाठीवर फक्त पाणी आणि पाकीट. बाकी सगळं कॅरियरला, दोन्ही बाजूंना सारखं, जड वस्तू तळाशी. एकूण १०-१२ किलोच्या वर जाऊ नका. पिशवी थोडी मागे सरकवून बांधा, नाहीतर प्रत्येक पेडलला टाच आपटते.

कॅरियरचे बोल्ट खडबडीत रस्त्यावर ढिले होतात. निळं थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा द्रव) लावा आणि रोज संध्याकाळी ४ मिमी ॲलन कीने (षटकोनी चावीने) तपासा. एक बोल्ट पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो तुटतो. त्याचं टोक फ्रेममध्येच अडकून बसलं की रस्त्यात काही करता येत नाही. दोन-तीन जादा बोल्ट आणि मूठभर झिपटाय (आवळायच्या प्लॅस्टिक पट्ट्या) जवळ असू द्या.

भार आल्यावर स्पोक (चाकाच्या तारा) तुटतात ते बहुधा मागच्या चाकाचे, कॅसेटच्या (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचे. निघण्याआधी चाक ट्रू (डगमग काढून सरळ) करून घ्या. डिरेलरचा हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरणारा तुकडा) प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि गावात मिळत नाही, तेव्हा ज्याचा त्याने आणावा. चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) मात्र ८, ९, १० स्पीडची, म्हणजे मागे जितक्या चकत्या त्याप्रमाणे, वेगवेगळी लागते, म्हणून आठही सायकली आधी तपासा.

७००x३५ टायरला मागे ६०-६५, पुढे ५०-५५ पीएसआय (हवेचा दाब) ठेवा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर काटा. तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. जुनी ट्यूब व्हॉल्व्ह जुळवून टायरवर धरली की काट्याची जागा सापडते. माणशी दोन ट्यूब घ्या. पंप दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला (बारीक प्रेस्टा आणि जाड श्रेडर) चालतो का ते घरीच बघा.

नारळाखाली नको:
पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) तंबू लावण्यापेक्षा गावात विचारून कुणाच्या वाडीत किंवा अंगणात लावा. पाणी, संडास आणि सकाळचा चहा मिळतो. फक्त नारळाखाली नको, झाप (नारळाची फांदी) पडला तरी तंबू फाटतो. पुळणीवरच लावायचा तर भरतीच्या रेषेच्या बराच वर, स्थानिकांना विचारूनच. वाळूत छोट्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून दोरी तिला बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा.

पहाटे दव भरपूर पडतं, त्यामुळे तंबू दुहेरी कापडाचाच घ्या आणि जाळी उघडी ठेवा. चौघांत एक तंबू न्यायचा तर कापड, काठ्या, खुंट्या वाटून घ्या. शेगडी नकोच. प्रत्येक मुक्कामी खाणावळ आहे, फक्त जेवण दुपारी फोन करून सांगून ठेवा. तासाला ५००-७५० मिली पाणी, आणि ऊन चढलं की ओआरएसची एक पुडी पूर्ण लिटरभर पाण्यात.

खाडीपलीकडे:
राहिलं ते: आठ जण एका ओळीत चालवू नका, चार-चारचे दोन गट करा. पंप आणि हत्यारं शेवटच्याकडे. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. फोनला रेंज नसते, तेव्हा 'पुढे भेटू' म्हणू नका, गावाचं नाव ठरवा.

रेल्वेत सायकल आपल्याच तिकिटावर लगेज म्हणून बुक करा. नुसतं पार्सल केलं तर दुसऱ्या गाडीने येऊ शकते. गाडी जिथे दोनच मिनिटं थांबते तिथे चढवता येईलच असं नाही, म्हणून चिपळूण किंवा रत्नागिरी धरा, पण आपली गाडी तिथे किती थांबते ते आधी बघा आणि पार्सल ऑफिसात दोन तास आधी पोचा. निघण्याच्या दोन आठवडे आधी सगळं सामान लादून शनिवार-रविवार दोन्ही दिवस ५०-५० किमी चालवा. कॅरियर, सीट, पिशव्या, काय कुरकुरायचं ते तेव्हाच कुरकुरेल.