क्रॅक ओढणाऱ्याला काचेची नळी आरोग्य खात्याने द्यावी का? (ऑटवा, २००५ ते २००७)

स्नेहल_ऑटवा:

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या नव्या कायद्याने शाळा आणि पाळणाघरांपासून २०० मीटरच्या आत देखरेखीखाली नशा करू देणारी केंद्रं चालवायला मनाई केली आणि २०२५ मध्ये आमच्या शहरातलं सॉमरसेट वेस्ट आरोग्य केंद्रातलं अशा प्रकारचं केंद्र बंद झालं. त्यावर इथल्या मराठी मंडळींत जे बोललं जातं ते ऐकून हा धागा काढते आहे. कारण हाच वाद या शहरात आधी एकदा झाला आहे आणि त्याचा निकाल काय लागला हे बहुतेकांना माहीत नाही.

एप्रिल २००५ मध्ये ऑटवाच्या आरोग्य खात्याने क्रॅक ओढणाऱ्यांना स्वच्छ साहित्याचा संच फुकट द्यायला सुरुवात केली. त्यात काचेची नळी, तोंडाला लावायचा रबरी तुकडा, पितळी जाळी, ती आत सरकवायला लाकडी काडी, ओठांना लावायचं मलम असं साहित्य असायचं. डॉ. डेव्हिड सॅलिसबरी तेव्हा शहराचे आरोग्य अधिकारी होते. पोलीस खात्याचा विरोध होता, महापौर लॅरी ओब्रायन यांचाही होता. जुलै २००७ मध्ये नगर परिषदेने १५ विरुद्ध ७ मतांनी हे काम बंद पाडलं.

नळीच का, हे आधी समजून घ्या. क्रॅक म्हणजे कोकेनची पूड खायचा सोडा आणि पाण्याबरोबर तापवून केलेले खडे. त्याचा धूर घेतला की नशा काही सेकंदांत चढते आणि दहा-पंधरा मिनिटांत उतरते. म्हणून माणूस पुन्हा पुन्हा ओढतो. नळी थंड व्हायला वेळच मिळत नाही. हाताशी नळी नसली तर थंड पेयाचा डबा, दम्याच्या पंपाचं प्लास्टिक, गाडीच्या अँटेनाचा तुकडा, जे सापडेल ते वापरलं जातं. जाळी म्हणून भांडी घासायची तारेची घासणी. ओठ भाजतात, चिरतात, रक्त येतं आणि तीच नळी पुढच्याच्या ओठांना लागते. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे दोन्ही आजार ऑटवात सुया टोचून नशा करणाऱ्यांमध्ये तेव्हा प्रचंड होते आणि त्यातले बरेचजण क्रॅकही ओढत होते.

ऑटवा विद्यापीठाच्या लिन लेनर्ड यांनी या कामाचं मूल्यमापन केलं. सुया टोचणाऱ्या लोकांशी चार टप्प्यांत बोलून. संच सुरू होण्याआधी त्यांच्यातल्या ९६ टक्के लोकांनी मागच्या महिन्यात सुई टोचली होती. सहा महिन्यांनी आणि वर्षाने हा आकडा ७८ टक्क्यांवर आला होता. सुईकडून धुराकडे जाणं म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून, गळवांपासून, हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गापासून लांब जाणं. हे सगळं नगरसेवकांना उपलब्ध असताना त्यांनी काम बंद केलं.

माझं मत: जो आज नशा सोडायला तयार नाही तोही शहराचा नागरिक आहे आणि त्याच्या आरोग्याची जबाबदारी आरोग्य खात्यावरच आहे. नगर परिषदेचा तो निर्णय चुकीचा होता. आता सॉमरसेट वेस्टबाबत झालेलाही चुकीचा आहे.

लोअरटाउनकर:

स्नेहलताई, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे. पण तुमच्या लेखात आम्ही कुठेच नाही.

मी लोअरटाउनमध्ये राहतो. बायवर्ड मार्केट, किंग एडवर्ड, मरे स्ट्रीट हा आमचा रोजचा रस्ता. निवारे इथेच, अन्नछत्र इथेच, स्वच्छ सुया वाटणारी गाडी इथेच. मुलांना बागेत न्यायचं तर आधी वाळूत काच आणि सुया आहेत का ते मी बघून येतो. तक्रार केली की एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो. शहरातल्या श्रीमंत वस्त्यांमध्ये यातलं काहीही नाही. मग ज्या नगरसेवकांनी विरोधात मत दिलं ते निष्ठुर, आणि जे स्वतःच्या वस्तीत एकही केंद्र नसताना बाजूने बोलतात ते दयाळू, हे मला पटत नाही.

नळी देणं म्हणजे शहराने एका गुन्ह्याचं साधन वाटणं. क्रॅक बाळगणं तेव्हाही बेकायदा होतं, आजही आहे. पोलिसांनी ज्याला पकडायचं त्यालाच खात्याने साहित्य पुरवायचं, यातून पंधरा वर्षांच्या मुलाने काय समजायचं?

वैद्य_सोलापूर:

मी डॉक्टर आहे, व्यसनांचा तज्ज्ञ नाही, पण संशोधन वाचण्याची सवय आहे. धागाकर्तीने लेनर्ड यांच्या अभ्यासातला एक आकडा दिला, बाकीचे सोडले. ते मी देतो.

त्याच अभ्यासात नळी वाटून घेणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं नाही. संच ज्यासाठी आणले तीच गोष्ट जागची हलली नाही. दुसरं, सहा महिने आणि वर्षाच्या टप्प्यांवर जवळपास पाव लोकांनी सांगितलं की साहित्य मिळायला लागल्यापासून आम्ही जास्त वेळा क्रॅक ओढतो. ही गोष्ट नगरसेवकांनी वाचली असेल आणि ते घाबरले असतील, तर त्यांना अडाणी म्हणायचं का?

शिवाय दर टप्प्याला नमुना वेगळा होता, तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासलेली नव्हती. तुलनेला दुसरं शहर नव्हतं. सुई कमी झाली ती संचामुळेच, हे या पद्धतीने सिद्ध होत नाही. आणि नळीतून हिपॅटायटिस सी पसरतो याचा थेट पुरावा तेव्हा फार पातळ होता. टोरंटोत ५१ जणांच्या नळ्या तपासल्या, विषाणू सापडला एकीवर.

मी संचांच्या विरोधात आहेच असं नाही. पण सार्वजनिक पैसा खर्च करताना “विज्ञान आमच्या बाजूने आहे” असं ठामपणे म्हणायचं, तर विज्ञान पूर्ण सांगा.

स्नेहल_ऑटवा:

डॉक्टर, पूर्ण सांगते.

वाटून घेणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं नाही, खरं. पण जे वाटून घेत होते त्यांच्यात “प्रत्येक वेळी वाटून घेतो” म्हणणारे आधी ३७ टक्के होते, ते सहा महिन्यांनी १२ आणि वर्षाने १३ टक्क्यांवर आले. रस्त्यावर राहणारा माणूस एकदाही नळी वाटणार नाही ही अपेक्षा कोणी करायची? मित्राकडे नळी नसते, माल दोघांत घेतलेला असतो. रोज शंभर टक्के वेळा दुसऱ्याची नळी तोंडात घालणारा माणूस कधीमधी घालू लागला, तर संसर्गाची संधी तेवढी घटते.

क्रॅक ओढणं वाढलं म्हणता, तर हे लोक कोण होते तेही बघा. अभ्यास सुया टोचणाऱ्यांचा होता. शिरेत टोचण्याऐवजी ओढलं तर ओढण्याचा आकडा वाढणारच. एकूण कोकेन किती वाढलं की घटलं, ते या आकड्यातून कळत नाही, मान्य. पण ज्याने कधी क्रॅक ओढलं नाही तो फुकट नळी मिळाली म्हणून सुरुवात करतो, असं त्यात कुठेही नाही.

एका नळीवर विषाणू सापडला याचा अर्थ तुम्ही “फक्त एक” असा लावता. एका वेळच्या तपासणीत, रस्त्यावरच्या माणसाकडून घेतलेल्या नळीवर तो सापडू शकतो, हे त्यातून ठरलं. तुलनेला शहर नव्हतं हे खरं आहे, आणि ते मिळवायचा मार्ग काम चालू ठेवून मोजत राहणं हा होता.

लोअरटाउनकर, तुमच्या वाळूतल्या काचेचा राग मला कळतो. पण ती काच संच यायच्या आधीही होती. तेव्हा ती फुटक्या बाटलीची होती.

लोअरटाउनकर:

बाटलीची होती की नळीची, पाय माझ्या मुलीचा आहे. जे खातं नळी देतं त्याने वापरलेली नळी परत घ्यायची आणि बाग रोज झाडायची जबाबदारीही घ्यावी. ते त्यांच्या कागदावर अहवालात असतं, आमच्या गल्लीत दिसत नाही.

मीनल_समुपदेशक:

मी पुण्यात एका व्यसनमुक्ती केंद्रात काम करते. माझा विरोध लोअरटाउनकरांपेक्षा वेगळ्या कारणाने आहे.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर (हेरॉईन), आली तेव्हा मुंबई-पुण्याची तरुण पोरं भराभर गेली. १९८६ मध्ये पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते त्या आगीतून. त्या कामाने आम्हाला शिकवलं की “हा सोडायला तयार नाही” ही अवस्था कायमची नसते. आज नाही म्हणणारा परवा आईला घेऊन दारात उभा राहतो. त्या दिवशी खाट रिकामी असली पाहिजे. परवा नाही, त्याच दिवशी. ती वेळ गेली की पुन्हा गर्द ओढायची पन्नी, पुन्हा तोच अड्डा.

ऑटवाच्या खात्याने नळी दिली, पण खाटा किती होत्या? सुयांच्या गाडीतून कोणी “मला आज सोडायचंय” म्हणालं तर त्याला कुठे नेत होते? स्नेहल, तुझ्या लेखात याबद्दल एकही ओळ नाही. गर्दच्या टर्कीला, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासाला, औषध आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे, मेथाडोन आहे. कोकेनला तसं मान्यताप्राप्त औषधच नाही. तिथे माणूसच लागतो. रोज भेटणारा, गट चालवणारा, घरच्यांशी बोलणारा, घसरला तरी परत घेणारा. त्याला पैसा लागतो. शहराचा पैसा आणि सगळी राजकीय ताकद नळीवरच्या भांडणात गेली आणि उपचार मागेच राहिले, हा माझा आक्षेप आहे.

कुर्ल्याचा_शिरीष:

मीनलताई, तुमच्या कामाला नमस्कार. पण “आपल्याकडे” म्हणताना अर्धीच गोष्ट सांगितलीत. भारत सरकारची एड्स नियंत्रण संस्था नॅको गेली कित्येक वर्षं सुया टोचणाऱ्यांना स्वच्छ सुया देते, जुन्या परत घेते आणि ब्युप्रेनॉर्फिनही देते. सरकारी पैशातून, सरकारी धोरणात लिहून. मुंबईतही संस्था हे काम करतात.

माझा धाकटा भाऊ रेल्वेलाइनच्या कडेला असाच बसायचा. घरात त्याचं नाव काढायला बंदी होती. सुई द्यायला येणारा कार्यकर्ता हा एकच माणूस त्याच्याशी माणसासारखा बोलत होता आणि त्यानेच त्याला एचआयव्हीची तपासणी करायला नेलं. भाऊ पुढे केंद्रात गेला तो त्याच माणसाचा हात धरून. तुमच्या दारात उभा राहणारा मुलगा परवापर्यंत जिवंत राहिला पाहिजे ना?

मीनल_समुपदेशक:

शिरीषदादा, तो कार्यकर्ता हात धरून घेऊन गेला, हेच मी म्हणते आहे. सुई देणारा आणि खाट देणारा एकमेकांना ओळखत होते म्हणून तुमचा भाऊ पोचला. ऑटवात ती साखळी होती का, हा माझा प्रश्न तसाच आहे. नुसती नळी खिडकीतून सरकवणारं खातं असेल तर मी विरोधातच राहीन.

जुनेद_टोरंटो:

मी इथे परिचारक आहे. मीनलताईंच्या प्रश्नाचं थोडं उत्तर. सुई टोचणारा गाडीपाशी येत होता, कारण त्याला तिथे काहीतरी मिळत होतं. फक्त क्रॅक ओढणाऱ्याला आरोग्य खात्याकडे यायला कारणच नव्हतं. नळीमुळे तो येऊ लागतो. आला की पाय बघता येतो, खोकला ऐकता येतो, गरोदर बाई असेल तर तिला विचारता येतं. खाटा कमी आहेत हे शंभर टक्के खरं, पण खाट मागणारा माणूस आधी कोणाच्या तरी नजरेस पडावा लागतो.

खर्चाचं म्हणाल तर डॉक्टरसाहेब, हिपॅटायटिस सी बरा करणाऱ्या सोफोसबुव्हिरची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत एका रुग्णामागे ८४,००० डॉलर होती. काच, रबर आणि जाळीचा हिशोब त्याच्याशेजारी मांडून बघा.

वैद्य_सोलापूर:

हिशोब मांडायला एका संचामागे किती संसर्ग टळले ते माहीत हवं. ते नाही, म्हणून मी ८४,००० च्या आकड्यावर निर्णय घेणार नाही. “माणूस नजरेस पडतो” हा मुद्दा मात्र मला यातला सगळ्यात वजनदार वाटतो. मूल्यमापन करणाऱ्यांनी तो मुख्य धरायला हवा होता. किती नवे लोक आले, किती तपासले गेले, किती उपचाराला गेले. हे आकडे नगरसेवकांपुढे असते तर कदाचित १५-७ झालं नसतं.

लोअरटाउनकर:

आणि ते आकडे चांगले आले असते तरी केंद्र माझ्याच गल्लीत आलं असतं. ते कुठे उघडायचं हे ठरवताना त्या गल्लीतल्या लोकांना मत असावं, इतकंच माझं मागणं आहे. २०० मीटरचा कायदा मला म्हणूनच योग्य वाटतो.

स्नेहल_ऑटवा:

मीनल, साखळी पुरेशी नव्हती. उपचारासाठी थांबावं लागत होतं, अजूनही लागतं. त्यासाठी नगर परिषदेवर ओरडायला मी तुझ्याबरोबर उभी राहीन. पण २००७ मध्ये नळी बंद केल्यावर त्या मतदानातून एकही खाट निघाली नाही.

लोअरटाउनकर, गल्लीतल्या लोकांना मत हवं हे बरोबर. म्हणूनच एक तपशील सांगते. प्रांताच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे सुया बदलून देणं आरोग्य मंडळाला बंधनकारक होतं, म्हणून त्याला नगरसेवकांनी हात लावला नाही. नळीला तसं संरक्षण नव्हतं. आणि ऑटवात तेव्हा नगर परिषद हेच आरोग्य मंडळ होतं. म्हणजे आरोग्य अधिकारी ज्यांना अहवाल देणार तेच पुढच्या निवडणुकीत मत मागणार. ती रचना २०११ मध्ये बदलली. आता स्वतंत्र मंडळ आहे, ६ नगरसेवक आणि ५ नागरिक. तुमच्यासारख्या, वाळू तपासून मुलांना बागेत नेणाऱ्या माणसाने त्या पाचांत असावं असं मला मनापासून वाटतं. बागेच्या सफाईची अट तिथे घालता येते.

२०० मीटरच्या कायद्यात मात्र तुमच्या गल्लीला कोणी विचारलं नाही. तो प्रांताच्या राजधानीत ठरला. २००७ ला शहराने सोडलेलं नळ्यांचं काम काही महिन्यांत प्रांताच्याच पैशाने पुन्हा सुरू झालं होतं आणि ते हाती घेणारं केंद्र सॉमरसेट वेस्टच होतं.

लोअरटाउनकर:

प्रांताने दिलं तेव्हाही आम्हाला विचारलं नव्हतं, ताई. मंडळाच्या पुढच्या बैठकीची तारीख कुठे कळते?