डोंगरी पर्यावरणात संशोधन: सुरुवातीला हाताने काय शिकावं?

घाटमाथा
भूविज्ञानात एमएस्सीनंतर डोंगरी पर्यावरण आणि शाश्वत विकास यात संशोधन करायचं आहे. नेट-गेटची माहिती आहे, ती नको. पहिल्या दोन वर्षांत डोंगरावर नेमकं काय मोजायचं, आणि कुठे चुकतं? हिमनदीवरच गेलं पाहिजे का?

कातळसडा
सक्ती नाही. हिमनदीवर बांबूच्या काठ्या बर्फात रोवायच्या आणि उन्हाळा संपताना किती काठी उघडी पडली, म्हणजे किती बर्फ वितळला, ते मोजायचं, हे मूळ काम. आवड असेल तर गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे चौकशी करा. त्यांचं ‘हिमांश’ ठाणं २०१६ पासून स्पितीत आहे. पण पहाडी गावं पाणी पितात ते बहुतेक झऱ्यांचं, आणि एकाच झऱ्याच्या सलग दोन वर्षांच्या नोंदी क्वचितच सापडतात. तुम्ही झरा धरा.

१० लिटरची बादली आणि स्टॉपवॉच. तीनदा भरून सरासरी घ्या. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. दर पंधरवड्याला, पावसाळ्यात दर आठवड्याला. आधी वर चढून कुणी पाइप लावलाय का बघा, नाहीतर मे महिन्यात ‘झरा आटला’ असं लिहाल आणि पाणी गेलेलं असेल कुणाच्या कोबीला.

बादली पुरेना तर ९० अंशांची व्ही-खाच कापलेला पत्रा प्रवाहाला आडवा, उभा रोवून बसवा. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी ५ सेंमी चढलं तर मिनिटाला साधारण ४६ लिटर. ही उंची पत्र्याला चिकटून मोजू नका, तिथे पाण्याची पातळी खाली ओढली जाते. उंचीच्या निदान चौपट अंतर मागे जाऊन मोजा. इथे अर्धा सेंमी चुकलात की प्रवाह पंचवीसेक टक्क्यांनी चुकतो. पत्र्याखालची गळती चिकणमातीने बुजवा. पर्जन्यमापक त्याच डोंगरावर हवा, तालुक्याचा आकडा इथे कामाचा नाही.

तिरपा थर
बादलीइतकाच क्लिनोमीटर, म्हणजे थरांचा कल मोजायचं उपकरण, महत्त्वाचा. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे झरा वाढावा म्हणून पाणी मुरवायचे चर झऱ्याच्या बरोब्बर वर खणणं. हिमालयात थर तिरपे, आणि पाणी थरांच्या कलाने, भेगांतून उतरतं. झरा या अंगाला आणि त्याचं पाणी मुरतं ती जागा डोंगराच्या पलीकडे, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत, असं होतं. दहा-बारा ठिकाणी कल आणि भेगांची दिशा घ्या, डोंगराचा छेद कागदावर काढा, मग कुदळ. सिक्कीमचा ‘धारा विकास’ हा झरे जगवण्याचा सरकारी कार्यक्रम याच विचारावर उभा आहे. पुण्याची अ‍ॅक्वाडॅम संस्था याचं प्रशिक्षण देते. जुन्या दरडीच्या मातीवर किंवा फार उभ्या उतारावर चर नकोच. पाणी मुरलं की अख्खा उतार खाली येऊ शकतो.

घाटमाथा
सह्याद्रीत हे चालेल? आपले थर तर आडवे.

तिरपा थर
चालतं. सच्छिद्र किंवा भेगाळ बेसॉल्टखाली घट्ट थर वा लाल मातकट पट्टा आला की पाणी आडवं फुटतं, म्हणून झरे बरेचदा एकाच उंचीवर ओळीने दिसतात. कोकणात जांभ्याचा सडा हीच टाकी. चिरेखाणीने तो कापला तर खालचा झरा जाऊ शकतो.

बारा कोस
पाण्याबरोबर चूलही मोजा. पहाडी माणसं जळणासाठी जंगल तोडतात म्हणून बांगलादेशात पूर येतो, हे १९७०-८०च्या दशकांत सर्रास मानलं जायचं. जॅक आइव्ह्ज आणि ब्रूनो मेसर्ली या भूगोलतज्ज्ञांनी ही साखळी कडीकडीने तपासली, तेव्हा पुरावा तोकडा निघाला. त्या काळी हिमालयातल्या माणशी जळणाच्या अंदाजांत ६७ पटींचा फरक होता! हेच दोघे पुढे १९९२च्या रिओ पर्यावरण परिषदेच्या ‘अजेंडा २१’ या आराखड्यात डोंगरांचं स्वतंत्र प्रकरण यावं म्हणून झटले.

म्हणून ‘रोज किती भारे लागतात?’ असं विचारून आकडा लिहू नका, भारा घरागणिक वेगळा. सकाळी लाकडाची रास ताणकाट्यावर तोला, बजावून सांगा की याच राशीतलं जाळा, आणि २४ तासांनी उरलेली तोला. ओलं-सुकं वेगळं, जेवणारी माणसं मोजलेली, हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. गुरांचं आंबोण त्याच चुलीवर शिजत असेल तर ते जळण निराळं लिहा, नाहीतर माणशी आकडा उगाच फुगतो.