जुनी लष्करी विमाने पुन्हा उडवावीत की केवळ जपावीत?

कातळशिल्प (धागाकर्ता)

२०२१ च्या प्रजासत्ताकदिनी दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरांना डावी-उजवीकडे घेऊन डाकोटा हे जुने वाहतूक विमान राजपथावरून गेले, तेव्हा आमच्या घरी सगळेच दूरचित्रवाणीसमोर उभे राहिले होते आणि त्यात मीही होतो. ‘परशुराम’ असे नाव दिलेले ते विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन ४ मे २०१८ रोजी हिंडन तळावर हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात दाखल झाले. त्याआधी टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही जुनी प्रशिक्षण विमानेही अशीच उड्डाणक्षम झाली होती. आता ‘दिल्लीत पालमला असलेल्या हवाई दलाच्या संग्रहालयातील विमानेही उडवा’ असा सूर ऐकू येतो आणि त्याला माझा विरोध आहे.

उडणारे विमान झिजते. प्रत्येक तासागणिक धातूचा थकवा वाढतो, भाग बदलावे लागतात आणि जे बदलले जाते ते मूळ पुराव्यातून कायमचे वजा होते. पालमला वापिटी हे विमान आहे. १ एप्रिल १९३३ रोजी भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन कराचीत उभी राहिली ती याच प्रकारच्या चार विमानांवर, आणि आज या प्रकारचे पूर्ण स्वरूपातील विमान जगात हे एकच उरले आहे. ते उडवण्याचा विचारसुद्धा मला धाडस न वाटता बेजबाबदारपणा वाटतो. ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक सिक्स’ या नावाने ओळखले जाणारे मेसरश्मिट १०९ हे जर्मन लढाऊ विमान जवळपास दोन दशके खपून उड्डाणक्षम केले, १९९१ मध्ये ते उडाले, आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये डक्सफर्डला, नियोजित शेवटच्या प्रदर्शनाच्याच दिवशी, शेतात उलटले. त्यानंतर ते पुन्हा दुरुस्त झाले खरे, पण संग्रहालयात उभे राहण्यापुरतेच.

जुना फिटर

धागाकर्त्यांशी वापिटीपुरता मी सहमत आहे. पुढे मात्र नाही. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे ‘उभे विमान सुरक्षित असते’ हे गृहीतक मला मान्य होत नाही. उभ्या विमानाची सीले सुकतात, सांध्यांत पाणी साचते, आणि रंगाखाली गंज कुठवर गेला हे पत्रा उचलेपर्यंत कळत नाही. उडणाऱ्या विमानाची तपासणी ठरल्या तासांना करावीच लागते, कारण त्यात माणूस बसणार असतो.

दुसरा मुद्दा हाताच्या कसबाचा आहे. डाकोटाचे ट्विन वास्प इंजिन चौदा सिलिंडरांचे, गोलाकार मांडणीचे असते. ते काही दिवस बंद राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच स्टार्टर दाबला तर तेल दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवून पाहायचा, आणि अडकला तर जोर न लावता खालचे प्लग काढून तेल वाहू द्यायचे. हे पुस्तकात लिहिलेले असते. पण पंखा ‘अडकतो’ म्हणजे हाताला नेमके काय जाणवते, हे शेजारी उभा असलेला जाणता माणूसच सांगू शकतो. विमान उडणे थांबले की दहा-पंधरा वर्षांत ती माणसे निवृत्त होतात.

वाड्याचा वासा

फिटरसाहेबांच्या प्रतिसादातील कसबाचा मुद्दा पटला, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा क्रमांक व्हीपी ९०५ होता. आज त्या क्रमांकाने उडणारे ‘परशुराम’ ते नव्हे. ते ब्रिटिश हवाई दलात आणि नंतर तिथल्या नागरी सेवेत उडालेले वेगळे डाकोटा आहे, आणि क्रमांक त्याला स्मरणार्थ दिला आहे. यात गैर काही नाही, परंतु बातम्या पाहणाऱ्या बहुतेकांचा समज तसा नसतो. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार झाला की ‘देव तोच आहे’ असे म्हणून आपण नवा दगड आनंदाने स्वीकारतो. विमानाच्या बाबतीत ‘देव’ कोणता, सांगाडा, इंजिन की शेपटीवर रंगवलेला आकडा, हे आधी ठरवायला हवे.

सीमोल्लंघन

मुख्य प्रश्न जीविताचा आहे आणि तो अजून कोणी मांडलेला नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधील शोरॅमच्या प्रदर्शनात हॉकर हंटर रस्त्यावर कोसळून ११ माणसे गेली. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये युंकर्स ५२ पडून २०. २०१९ मध्ये अमेरिकेतील कनेटिकटमध्ये बी-१७ पडून ७. २०२२ मध्ये डलासच्या प्रदर्शनात दोन विमानांची टक्कर होऊन ६. इतिहासप्रेमाची ही किंमत मला मान्य नाही.

जुना फिटर

आकडे खरे आहेत, पण कारणेही पाहावीत. शोरॅमला वैमानिकाने गिरकी फार कमी उंचीवरून घेतली, तर डलासला विमाने एकमेकांपासून किती अंतरावर राहतील याची पूर्वनियोजित आखणीच पुरेशी नव्हती. हे दोष विमानाच्या वयाचे नव्हेत. कनेटिकटच्या बी-१७ बाबत मात्र मी बचाव करणार नाही. तिथे वैमानिकाच्या चुकीबरोबर देखभालीतील हयगयही चौकशीत पुढे आली, आणि प्रवासी बसवून जुने विमान उडवण्याला माझा पूर्वीपासून विरोध आहे.

शिवाय वेळीच थांबणेही शक्य असते. ब्रिटनचे व्हल्कन बॉम्बर २००७ मध्ये पुन्हा उडाले आणि २०१५ मध्ये जमिनीवर आले, ते अपघातामुळे नव्हे, तर मूळ उत्पादक कंपन्यांनी तांत्रिक हमी काढून घेतल्यामुळे.

मांडवीकाठ

मी गोव्याचा. भेट म्हणून देऊ केलेले ते डाकोटा आधीच्या सरकारने नाकारले होते आणि संरक्षणमंत्री असताना पर्रीकरांनी ते स्वीकारले, याचा आम्हांला अभिमान आहे. पण बोगमाळ्याच्या रस्त्यावरील नौदल हवाई संग्रहालयात एकदा जाऊन पाहावे. एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे आलेले सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॉक, अलिझे ही सारी विमाने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, आमच्या पावसात उघड्यावर उभी आहेत. एक विमान उडवण्याच्या खर्चाआधी यांच्या डोक्यावर छप्पर घालणे अधिक शहाणपणाचे ठरणार नाही काय? (इंधनाचीही गंमत अशी की या पिस्टन इंजिनांना लागणारे एव्हगॅस २०२२ मध्ये वडोदऱ्याला तयार होऊ लागेपर्यंत आपण बाहेरूनच आणत होतो.)

कातळशिल्प (धागाकर्ता)

छपराचा मुद्दा मी मूळ लेखात घालायला हवा होता. फिटरसाहेबांच्या प्रतिसादानंतर माझा विरोध थोडा आखडता घेतो: डाकोटासारखी दहा हजारांहून अधिक बनलेली, सुटे भाग मिळणारी विमाने प्रवाशांविना उडावीत. पालमच्या लिबरेटर या बॉम्बर विमानाबाबत मात्र ठाम आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला निकामी करून टाकलेली लिबरेटर आपल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी भंगारातून उभी केली आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. पालमच्या विमानात त्या दुरुस्तीची जी ठिगळे असतील, तीच त्याची खरी किंमत आहे. उड्डाणक्षम करताना पहिल्यांदा तीच काढली जातील.

जुना फिटर

ती ठिगळे काढू नयेत, हे मान्य. पण ती नेमकी कुठे आहेत, याची नोंद करायला तरी पत्रा ओळखणारा माणूस लागेल. डाकोटावर आज काम करणाऱ्या मुलांना महिनाभर पालमला पाठवावे, एवढे मी सुचवीन.